करवती किनार आणि मोकळा परवाना

तुमच्या विहिरीचं पाणी कुणी फुकट नेलं, बाटलीत भरलं आणि बाटलीवर बारीक अक्षरांत तुमचं नाव छापलं, तर तुम्ही पेढे वाटाल? माझ्या मित्राने वाटले.

मी पत्रकांवर वाढले. वडील विणकरांच्या संघटनेत होते. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या घरात गादीखाली, फडताळात, पिठाच्या डब्याखालीसुद्धा पत्रकं असत. ‘कमळ’ लिहायला शिकण्याआधी मी ‘जागे व्हा’ वाचलं. त्यामुळे कॉलेजात या मित्राबरोबर सॉफ्टवेअर बनवलं, तेव्हा कोडपेक्षा परवान्यावरूनच मी जास्त भांडले.

सॉफ्टवेअर साधं होतं. घरात माग उरला तो फक्त आत्याचा. साडीची किनार ती चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून आखायची. आम्ही तो कागद कॉम्प्युटरवर आणला.

मला कॉपीलेफ्ट परवाना हवा होता. घ्या, बदला, विकाही. पण बदललेलं दुसऱ्याला दिलंत तर त्याचं कोडही याच अटींवर द्या. मित्राला मोकळा परवाना हवा होता. काय वाटेल ते करा, फक्त आमची नावं राहू द्या.

“तुह्या लायसन्समंधी अटीच अटी आहेत वं,” तो म्हणाला. “कंपन्या भिऊन पळतीन.”

“पळू दे. आपण त्यांना जेवायला बोलावलं आहे का?”

त्याचं कोड जास्त होतं, आवाजही. मोकळा परवाना लागला.

शहराच्या कडेला बेसा भागात चकचकीत इमारतीतल्या एका कंपनीने आमचं काम उचललं. किनारीची रुंदी आपोआप बदलायची सोय घातली, कोडला कुलूप लावलं आणि ते ‘परंपरेचं जतन’ म्हणून बाजारात आणलं. सॉफ्टवेअरच्या माहितीच्या खिडकीत अगदी तळाशी आमची नावं होती. मित्राने त्या खिडकीचा फोटो स्टेटसला ठेवला आणि पेढे आणले.

“काहून भडकून राहिली वं? नाव दिलं ना त्यायनं!”

चोर म्हणायचीही सोय नव्हती. आम्ही घातलेली एकुलती एक अट त्यांनी इमानदारीने पाळली होती.

रुंदीच्या सोयीसाठी आत्याही तेच वापरू लागली. तिची करवतीच्या दातांची किनार कंपनीच्या फाइलमध्ये साठली. मग नवी आवृत्ती आली आणि दात तिरके पडू लागले. आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती फाइल उघडेना. कंपनीचं उत्तर आलं, ‘आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे.’ साडी मागावर चढायची थांबली.

मित्र पाहायला आला. आत्याने आधी चहा दिला.

“माही किनार मलेच काहून सुधरवता येत नाही गा?”

“आत्या, त्यायचं कोड बंद आहे.”

“मंग पेढे कशाचे वाटले होते?”

मी संधी सोडणार होते थोडीच! आमच्या गल्लीत नक्षी मागितली की मिळायची, पण तिच्यात भर घातली तर नवा कागद मूळ घरी नेऊन दाखवावा लागे. न दाखवणाऱ्याला पुढची नक्षी कुणी देत नसे. हे मी त्याला सांगितलं. जरा भाषणासारखंच सांगितलं.

“बस झालं,” तो म्हणाला. “पुढची आवृत्ती कॉपीलेफ्ट. पण साडीच्या फोटोतले रंग ओळखणारा आपल्या कोडमधला बारका तुकडा मोकळाच ठेवू. तो सगळीकडे जाऊ दे.”

हे मलाही पटलं. त्या तुकड्यात कुणाची किनार अडकत नाही.

दिलेलं परत घेता येत नाही. जुनी आवृत्ती कंपनीकडे राहणारच. रुंदीची सोय आम्ही नव्याने लिहितो आहोत आणि आत्या चौकटीच्या कागदावर पुन्हा दात रंगवते आहे. मित्राच्या कोडची चाचणी तीच घेते. तो घाबरून असतो.

तुमचं कोड बाहेर फिरत असेल, तर आज परवान्याची फाइल उघडा आणि वाचा. शेवटी ते ज्याच्या हातात पडेल त्याला ते दुरुस्त करता यावं असं वाटत असेल, तर सोबत्यांची संमती घ्या आणि पुढची आवृत्ती कॉपीलेफ्टखाली काढा.