कपाळावरची राख

राखेच्या बुधवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर, फादरांकडून कपाळाला राख लावून घेऊन मी चर्चच्या पायरीवर उभा होतो. शेजारची सेलीनमावशी बाहेर आली. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारच्या मिरवणुकीत सगळ्यांत उंच झावळी तिनंच मिरवली होती. त्याच झावळ्या जाळून केलेली राख आज तिच्या कपाळावर होती. बरं झालं, असं वाटलं. गर्विष्ठांना देव खाली आणतो, असं फादर प्रवचनात सांगत होते, तेव्हाही माझ्या डोळ्यांसमोर तीच होती.

आपल्या कपाळावरची राख आपल्याला दिसत नाही. दिसते ती दुसऱ्याची.

मावशी माझ्यापाशी थांबली. "अरे, तुला नीट लागलीच नाही. थांब जरा." तिनं स्वतःच्या कपाळावरची राख अंगठ्यावर घेतली आणि हात वर केला.

मावशी बुटकी आहे. मला मान वाकवावी लागली.