वैजयंतीबाईंचे एकशेवीस खण
वैजयंती डबीर विद्यापीठाच्या ग्रंथालयात लागली १९७२ साली. तेव्हा ग्रंथालय म्हणजे पत्र्याच्या दोन बराकी आणि आठ हजार पुस्तकं. अकरा वर्षांत पुस्तकं पन्नास हजारांवर गेली, तीन मजली इमारत उभी राहिली. पण कुठलं पुस्तक कुठे आहे हे सांगणारी जागा एकच, तळमजल्यावरची कार्डांची कपाटं. खण एकशेवीस, प्रत्येक पुस्तकाची तीन कार्डं, आणि त्यांतली निम्मी तिच्या अक्षरातली.

प्रत्येक खणातल्या कार्डांना खाली भोक असे आणि त्यातून एक सळई आरपार जाई, म्हणून कार्डं निसटत नसत. कपाटांसोबत पुरवठादाराने दिलेल्या तारा वर्षभरात वाकल्या. तेव्हा तिच्या नवऱ्याने, अनंतने, नव्या सळया करून आणल्या. तो कारखान्यात टर्नर, लेथवर काम करणारा; दोघं राहायला कारखान्याच्या पिपलानी वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये. बाजारातल्या लेथवर त्याने हातभर लांबीच्या पोलादी सळया कातून घेतल्या होत्या.

रीत अशी, की नवं कार्ड आधी सळईच्या वर उभं ठेवायचं. ग्रंथपाल सदाशिव खांडेकर ते तपासणार, मग सळई ओढून कार्ड खाली बसवायचं आणि सळई परत घालायची, एका वेळी एकच खण. १९८३च्या मार्चात चार हजार कार्डं तुंबली होती. वैजयंतीला घाई झाली. तिने सगळ्याच सळया ओढल्या आणि टेबलावर त्यांचा ढीग रचला.

त्याच दुपारी, परीक्षा पुढे ढकला म्हणणारा विद्यार्थ्यांचा मोर्चा प्रशासन भवनापाशी पोलिसांच्या लाठ्या खाऊन ग्रंथालयात घुसला. आधी काचा फुटल्या. मग कुणाची तरी नजर टेबलावर गेली, आणि क्षणात पन्नास हातांत पन्नास सळया आल्या.

पंखे वाकले, खुर्च्या मोडल्या. ग्रंथालयाच्या शिपायाचं डोकं फुटलं, तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि रक्त डोळ्यांत उतरू लागलं. मग त्यांनी खण ओढून पालथे घालायला सुरुवात केली. धरून ठेवायला सळई नव्हती. कार्डं जमिनीवर ओतली गेली, त्यांवर चपला नाचल्या.

वैजयंती शेवटच्या कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"हटो मैडम, वरना हाथ टूटेगा," एक उंच मुलगा म्हणाला. रोज खिडकीजवळ वाचत बसणारा सक्सेना.

ती हटली नाही. त्याची सळई तिच्या उजव्या हातावर बसली आणि दोन बोटं वाळक्या काटकीसारखी मोडली. तिने डाव्या हाताने खाली पडलेली सळई उचलली आणि त्याच्या खांद्यावर हाणली. हाड कडकन वाजलं. तो कोसळला, तरी तिने पुन्हा हाणली. बाकीचे मागे सरले. पोलीस येईपर्यंत त्या कपाटातले वीस खण जागेवर होते.

आठवड्याने चौकशी समिती बसली. सक्सेनाचे वडील सचिवालयात वजनदार होते. समितीने सांगितलं, विद्यार्थ्याची लेखी माफी मागा, नाहीतर निलंबन. कार्डं दुसरं कुणीतरी लावेल.

खांडेकरांनी तिला व्हरांड्यात गाठलं. "वैजयंतीबाई, सळया त्या पोरांनीच ओढल्या असं सांगा, म्हणजे दोष त्यांच्यावर जाईल, माफी टळेल. मी साक्ष देतो."

"मीच ओढल्या, सर."

"आणि त्या पोराची माफी? ती कशाची मागणार?"

"त्यांना हवी त्याची."

तिच्या डोळ्यांपुढे शंभर खणांचा चिखल होता. कुणी नवा माणूस आला असता तर सगळं भंगारात घालून पहिल्यापासून सुरू केलं असतं. तुडवलेल्या कार्डाच्या अर्ध्या ओळीवरून पुस्तक ओळखणारी ती एकटीच होती.

तिने आत समितीपुढे जाऊन सळयांचं खरं सांगितलं. मग डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, दोन ओळींची माफी लिहिली. अध्यक्षांनी विचारलं, पश्चात्ताप होतोय ना?

"सळया काढल्याचा होतोय," ती म्हणाली आणि कागद पुढे सरकवला.

अध्यक्षांनी कागद ठेवून घेतला. ती जिना उतरून खाली आली, पदर खोचला आणि प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून फरशीवर बसली. पहिल्या कार्डावर बुटाचा ठसा होता. तिने ते पुसलं आणि वाचायला घेतलं.