बियांना घातलेली आंघोळ

जयपूरच्या झालाना जंगलालगतच्या प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात आम्ही दोघे रतनजोतीच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या, बिया निवडत बसलो होतो. हिवाळ्यातली दुपार, पाठीवर ऊन, जंगलातून मधूनच मोराचा आवाज. मोकाशी सरांशी माझी ओळख अशी, न बोलता झाली. पतीच्या रेल्वेतल्या बदलीमुळे मी जयपूरला आले होते आणि ही माझी पहिलीच नोकरी होती. ती दुपार माझ्या मनात अजून पुरती मावळलेली नाही.

रानातल्या अखाद्य बियांपासून डिझेल बनवणे हे सरांचे आयुष्यभराचे काम. “बकरीसुद्धा ज्याला तोंड लावत नाही, ते आपलं,” असे ते म्हणत.

त्या वर्षी एका गावातल्या बायकांनी हंगामभर बिया वेचून दिल्या होत्या. गुलाबदेवी त्यांच्या पुढारी. आमच्या डिझेलवर जनरेटर चालला, तरच पुढे त्यांच्याकडून खरेदी होणार होती.

बिया धुळीने माखलेल्या होत्या. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावलेल्या सवयीने मी त्या सगळ्या धुतल्या आणि नीट वाळण्याआधीच पोत्यांत भरल्या. ओलीने तेल बिघडले. त्यात मिथेनॉल आणि अल्कली मिसळल्यावर वर सोनेरी डिझेल आणि खाली काळसर ग्लिसरीन असे थर दिसायला हवे होते. भांड्यात दह्यासारखा साबण जमला.

“बाई, बियांना आंघोळ घातलीत?”

“हो, सर.”

“मतलब, पावडरही लावली असेल.”

तेवढ्यात पाहणीसाठी अधिकारी आले. “किसकी गलती है?”

“मेरी,” सर म्हणाले. “बीज मैंने नहीं जाँचे.”

अहवालात तसेच लिहिले गेले. पंधरा दिवसांची मुदत मिळाली. मी घाबरून गप्प राहिले.

सरांनी स्वतः गावात जाऊन डिझेलऐवजी साबण झाल्याचे सांगितले. “साबुन तो बन गया साहब, अब मैले कपड़े भी भेज दो,” गुलाबदेवी म्हणाल्या आणि शेताच्या कुंपणासाठी राखून ठेवलेल्या बिया घेऊन आल्या. या वेळी मी त्या फक्त कोरड्या फडक्याने पुसल्या. जनरेटर चालला. त्याच्या धुराला तळणीचा मंद वास होता. आम्ही सारे त्या वासात स्वप्नात असल्यासारखे उभे राहिलो. गावातली खरेदी तेव्हापासून थांबलेली नाही.

सरांनी मला त्या दिवसाची आठवण कधीही करून दिली नाही. आज ते पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांची नजर अशीच स्वच्छ राहो, पायांत रानात हिंडण्याचे बळ राहो आणि अनेक हिवाळ्यांचे ऊन त्यांना लाभो.

संपादकांना एक विनंती. सरांच्या या गौरवग्रंथाची एक प्रत गुलाबदेवींना द्यावी. त्यांना वाचता येत नाही, म्हणून नेणाऱ्याने शेजारी बसून हिंदीत सांगावी. माझी प्रत प्रयोगशाळेत ठेवावी. आणि एक प्रत त्या दिवशी पाहणीला आलेल्या, आता निवृत्त होऊन जयपूरच्या मुरलीपुऱ्यात राहणाऱ्या अधिकाऱ्यांना, याच पानावर खूण घालून. चूक सरांची होती, असे त्यांना अजून वाटते.