आईचा थांबा

आयर्लंडमध्ये कॉर्कला आमच्या घरी रविवारी मराठी ख्रिस्ती मंडळी जमतात आणि नेहमीचं एक स्तोत्र एका सुरात, मोठ्याने वाचतात. आई राहायला आली तेव्हापासून तीच पुढे होऊन वाचायची. दम्यामुळे ती ओळीच्या मध्येच थांबायची आणि तिच्यासाठी सगळेच थांबायचे. मी वैतागायचो.

"पवित्र शास्त्र म्हणजे देवाचा श्वास रे," ती म्हणायची, "माझा पुरत नाही, एवढंच."

आई गेली, तरी मंडळी वाचताना अजून त्याच जागी थांबतात. "आता कुणासाठी थांबता?" मी एकदा ओरडलोच.

परवा गाडीत एकटाच ते स्तोत्र म्हणत होतो. त्या जागी आपोआप गप्प झालो. मागच्या सीटवरून श्वासाची ओळखीची घरघर आली. ती शांत होईपर्यंत थांबलो, मग उरलेली ओळ म्हटली.