आमच्यात इच्यारून मोटार लावत्यात

आधीच सांगून ठेवतो, मी मेंटेनन्सचा माणूस आहे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे, तिथली मशीन बंद पडली की मला हाक येते. माझ्या लेखी भुताची व्याख्या एकच... लूज कनेक्शन! दर अमावस्येला बंद पडणारी मशीनही मी पाहिली आहे. ऑपरेटर लोक तिला लिंबू-मिरची बांधायचे. शेवटी सापडलं काय, तर शेजारच्या युनिटमधली भट्टी नेमकी त्याच सुमारास चालू व्हायची आणि आमचं व्होल्टेज बसायचं. लिंबं काढली, स्टॅबिलायझर लावला, विषय संपला. त्यामुळे इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचत आलो आणि मनसोक्त हसलो. आज माझी पाळी आहे, तुम्हीही हसून घ्या.

एक गोष्ट समजावून सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आमच्या कंपनीत कुठलाही बिघाड झाला की ‘व्हाय-व्हाय’ करावं लागतं. म्हणजे ओळीने पाच वेळा ‘का?’ विचारायचं. मशीन का थांबली? फ्यूज उडाला. फ्यूज का उडाला? मोटारीवर लोड आला. लोड का आला?... असं खोदत गेलं की पाचव्या ‘का’पर्यंत खरं कारण हाताला लागतंच. कागदावरचा एकही रकाना कोरा ठेवायचा नाही, हा नियम. घरी मात्र उलटा कारभार. आम्ही मूळचे मोशीचे. वडिलांचं, म्हणजे तात्यांचं, बोलणं अजून जुन्या वळणाचं आहे. ‘हो’ला ते ‘व्हय’ म्हणतात. माझी बायको सारिका म्हणते, “ह्यांच्या कंपनीत व्हाय-व्हाय आणि घरात व्हय-व्हय.”

शेती कधीच प्लॉटात गेली, पण घरामागची विहीर तात्यांनी विकू दिली नाही. आणि ते बरंच झालं. कॉर्पोरेशनचं पाणी एक दिवसाआड येतं, ते प्यायला पुरतं. बाकी सगळा खेळ विहिरीवर. आत पाणबुडी मोटार सोडलेली, वर भिंतीला स्टार्टरची पेटी. मोटार लावायची जबाबदारी तात्यांची, आणि त्यांची पद्धत ठरलेली. पेटीपाशी उभं राहायचं, विहिरीच्या दिशेने तोंड करून ओरडायचं, “मोटार लावू का रं?” मग जरा थांबायचं. आणि मगच बटण दाबायचं.

विहिरीत कोणी नसायचंच. पण पूर्वी गाळ काढायला, दोरी सोडवायला माणसं उतरायची, तेव्हाची ही सवय. खाली कोणी असेल तर तो वर यायचा आणि ‘व्हय, लाव’ म्हणायचा. खालून ‘थांब’ आलं, तर ‘व्हय’ येईपर्यंत मोटार लावायची नाही, असा दंडक होता. मी लहानपणापासून या प्रकाराला हसत आलो. रिकाम्या विहिरीला काय विचारायचं, राव?

मागच्या पावसाळ्यात तात्या विहिरीच्या वाटेवर घसरून पडले. हाड वाचलं, पण मी धसका घेतला. म्हटलं, आता या वाटेने मोटारीसाठी कोणी जायचं नाही. घर ऑटोमेशनवर घ्यायचं. टाकी रिकामी झाली की मोटार आपोआप लागेल, भरली की आपोआप बंद होईल, आणि वाटलं तर मी कंपनीतून मोबाइलवर बटण दाबीन. दिवे, पंखे, गेट हे सगळं नंतर.

आता प्रश्न आला की हे सगळं चालवणारा मेंदू, म्हणजे हब, कशावर चालवायचा? इथे माझ्यातला मेंटेनन्सवाला जागा झाला. कंपनीतला माझा जोडीदार जाधव — नांदेडकडचा, काळेवाडीत राहतो — त्याचं मत जुन्या लॅपटॉपचं. “भावा, लॅपटॉपला बॅटरी असतीय, लाइट गेली तरी चालू ऱ्हातंय. फुकटात काम व्हतंय म्हून सांगायलो.” चालवून पाहिला. दिवसरात्र चार्जिंगला लावून त्याची बॅटरी फुगली आणि कीबोर्ड पुरणपोळीसारखा वर आला. मग एक पत्त्याच्या कॅटएवढा छोटा बोर्ड आणला. गुणी होता बिचारा, पण सगळा जीव एका नखाएवढ्या मेमरी कार्डात. आमच्याकडे लाइट जाते-येते, दोन-चार झटक्यांत ते कार्ड गेलं. बाजारात बोलल्यावर ऐकणारे, उत्तर देणारे तयार हबही मिळतात. ते मी नाकारले. घरात कोणी सतत कान लावून बसलेलं मला चालणार नाही, मग ते यंत्र का असेना.

शेवटी चिखलीच्या एका भंगारवाल्याकडे मला हवं ते मिळालं. कुठल्या तरी कारखान्यातला जुना इंडस्ट्रियल पीसी. विटेएवढा लोखंडी डबा. पंखा नाही, म्हणजे धूळ ओढत नाही. मेमरी कार्ड नाही, आत नवी पक्की डिस्क मी घातली. माइक नाही, स्पीकर नाही. जुनं सगळं पुसून प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला, त्यातली ओळ न् ओळ मला पाठ आहे. विहिरीपर्यंत जमिनीतून केबल नेली, वायफायवर भरवसा नको. डब्याला स्वतंत्र बॅकअप दिला. असं हार्डवेअर निवडलं की उद्या काही झालंच तर कारण शोधायला दोन मिनिटं लागू नयेत.

बसवायच्या आधी तो डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. तात्यांनी त्याला चारी बाजूंनी न्याहाळलं आणि एकच प्रश्न केला.

“ह्यो इच्यारतो का?”

“काय विचारतो?”

“मोटार लावायच्या आदी.”

मी हसलो. “तात्या, त्याला विचारायची गरजच नाही. टाकीत पाणी किती आहे ते त्याला कळतं.”

“टाकीतलं कळतंय. हिरीतलं?”

सारिकाला हसू आवरेना. मी विषय बदलला. पण दसऱ्याला, घरातल्या अवजारांची पूजा करताना, तात्यांनी कोयता, कुदळ आणि माझा टूलबॉक्स यांच्या शेजारी त्या डब्यालाही हळदी-कुंकू लावलं. वर झेंडूचं फूल. मग वाकून त्याला सांगितलं, नव्या बैलाला समजावावं तसं, “हे बघ बाबा, आमच्यात इच्यारून मोटार लावत्यात. ध्यानात ठेव.”

“तात्या, त्याला कान नाहीत,” मी म्हटलं.

“तुला तरी कुटं हायत?” तात्या म्हणाले. सारिकाने टाळी दिली.

हिवाळा निर्धास्त गेला. डब्याने एकदाही कुरकुर केली नाही. मोटार वेळेवर लागे, वेळेवर बंद होई. तात्या पारावर मित्रांना सांगत, “आमची मोटार चाकणवरनं चालती.” मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

मग आला उन्हाळा. विहीर खाली गेली. एके दिवशी सकाळी कंपनीत चहाच्या सुट्टीत जाधव आणि मी कँटीनला बसलो होतो. सारिकाचा मेसेज आला, ‘अहो, नळाला थेंब नाही. तुमचा डबा झोपला काय?’

मोबाइलवर पाहिलं. टाकी रिकामी दाखवत होती, म्हणजे नियमाप्रमाणे मोटार कधीच लागायला हवी होती. लागली नव्हती. मी बटण दाबलं. ते हिरवं झालं आणि पुन्हा करडं. परत दाबलं. परत तेच. तिसऱ्यांदा जरा जोरात दाबलं, जणू जोराने काही फरक पडतो! हिरवं... करडं.

“म्हणलो व्हतो ना, लॅपटॉपच बरा हाय म्हून,” जाधव म्हणाला.

मी चिडून सारिकाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. “पेटीपाशी जा आणि हाताने हिरवं बटण दाब.” ती बडबडत निघाली. तिच्या चपलांचा आवाज आम्हाला दोघांना ऐकू येत होता. मग तो थांबला.

“अहो... इथे तात्यांच्या वहाणा आहेत. आणि टॉवेल.”

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

“तात्या!” ती ओरडली. विहिरीतून घुमलेला आवाज आला, “ओ!”

“तुम्ही खाली काय करताय? हे म्हणतायत मोटार लावा!”

“आलो, आलो. झालंच. सुटली पिशवी.”

काय झालं होतं ते नंतर कळलं. प्लास्टिकची पिशवी मोटारीच्या तोंडाला बसली होती, पाणी बारीक येत होतं, म्हणून तात्या पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. मोटारीची दोरी एका हातात, केबल दुसऱ्या हातात. मेन स्विच चालूच.

फोनवर त्यांचा धापा टाकत वर आल्याचा आवाज आला. मग मोकळा, खणखणीत आवाज, “व्हय! लाव आता!”

आणि मोटार लागली.

टेबलावर पडलेल्या माझ्या मोबाइलवर ते बटण हिरवं झालं आणि हिरवंच राहिलं. मी हात लावला नव्हता, जाधव समोर बसून बघत होता. “अहो,” पलीकडून सारिका म्हणाली, “मी अजून बटण दाबलंच नाहीये.”

त्याच दिवशी हाफ डे टाकून घरी आलो आणि मोटार वर ओढून घेतली. केबल एका ठिकाणी दगडावर घासून सोलली होती. आतलं तांबं उघडं पडलं होतं. विहिरीच्या लाइनला विजेची गळती पकडणारा ब्रेकर नव्हता. आता आहे. कंपनीत शॉक लागलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे पाण्यात उभ्या माणसाच्या हातात ती केबल असताना मोटार लागली असती तर काय झालं असतं हे मला कोणी सांगायला नको होतं. मी तिथेच विहिरीच्या काठावर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. सारिका शेजारी येऊन उभी राहिली.

तात्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. माझा आवाज चढला.

“मेन स्विच तरी बंद करायचा, तात्या!”

“कशाला? इच्यारल्याबिगर कोन लावतंय?”

“अहो, तो डबा आहे! तो विचारत नाही!”

“इच्यारलं की.”

“ती सारिका होती.”

“सूनबाई मागनं आली. तिच्या आदी.” तात्यांनी शेंग फोडली. “तूच व्हतास की. ‘तात्या, मोटार लावू का?’ मला वाटलं, लौकर सुटला वाटतं आज. मी म्हनलं, थांब. परत इच्यारलंस. परत म्हनलं, थांब. तिसऱ्या बारीला खेकसलोच तुज्यावर, थांब म्हनलं न्हवं!”

तीन वेळा. मी बटण तीन वेळा दाबलं होतं, हे कँटीनच्या त्या टेबलाबाहेर कोणालाही माहीत नव्हतं. मी तोंडातून शब्द काढला नव्हता. आणि काढला असता तरी चाकणहून मोशीच्या विहिरीत तो पोचला कसा असता?

मग मी जे येतं तेच केलं. व्हाय-व्हाय मांडलं. मोटार का लागली नाही? डब्याने हुकूम पुढे दिला नाही. का दिला नाही? नेट नसेल म्हणावं, तर माझे तिन्ही हुकूम डब्यात पोचल्याची नोंद आहे, आणि टाकीच्या नियमाला नेट लागतच नाही. सेन्सर बिघडला म्हणावं, तर तो आधीही बरोबर होता आणि नंतरही. कुठे काही अडकून उशिरा सुटलं म्हणावं, तर नेमकं तात्यांच्या ‘व्हय’वर कसं सुटलं? त्याने ऐकलं म्हणावं, तर माइक नाही. तो बोलला म्हणावं, तर स्पीकर नाही. मीच निवडून निवडून प्रत्येक पळवाट बंद केलेली. नंतर तोच प्रसंग मी पुन्हा पुन्हा घडवून पाहिला, अर्थात विहिरीत कोणाला न उतरवता. प्रत्येक वेळी बटण दाबलं की मोटार लागते.

जाधव म्हणतो, “बदलून टाक भावा तो डबा, भ्या वाटायलंय मला.” मी बदलणार नाही. भूत वगैरे मी आजही मानत नाही, आणि यामागे कारण असणार याबद्दल मला शंका नाही. फक्त ते मला सापडलेलं नाही, आणि खरं सांगतो, सापडेल असं वाटत नाही. कागदावर पाचव्या ‘व्हाय’चा रकाना कोरा राहत होता. कोरा ठेवायचा नाही, म्हणून मी तिथे ‘व्हय’ लिहिलं.

अजूनही अधूनमधून सारिकाचा मेसेज येतो, मी कँटीनमध्ये मोबाइल काढतो. आजूबाजूची पोरं हसतात, हसू देत. मी आधी हळूच म्हणतो, “तात्या, मोटार लावू का?” मग जरा थांबतो. आणि मगच बटण दाबतो.