तिघांना विचारून

अमेरिकेत रस्ता चुकता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या तेव्हाच्या रूममेटला एकदा गाडीत बसवून पाहायला हवं होतं. हा माणूस चुकत नसे, पण पोचतही नसे. तिघांनी सांगितल्याशिवाय कुठलाही रस्ता त्याला रस्ताच वाटायचा नाही. मूळचा अकोल्याचा, तिकडे पानवाला, सायकलवाला आणि ओट्यावरचे आजोबा यांचं एकमत झालं की मगच पाऊल उचलायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. प्रयोगशाळेत पाण्यातल्या क्षाराचं माप तो तीनदा घ्यायचा, आणि तिन्ही जुळली की संशय येऊन चौथ्यांदा घ्यायचा. आमचे प्रोफेसर कपाळाला हात लावायचे, पण स्वतःचे आकडे तपासायला गुपचूप त्यालाच द्यायचे. घरी आमटीत मीठ पुरे आहे का, हे तो मला, शेजारच्या कोरियन मुलाला आणि एकदा तर पोस्टमनला चाखवून ठरवायचा. आयुष्यात एकच गोष्ट त्याने कुणालाही न विचारता केली, ती म्हणजे लग्नाला होकार. लग्नानंतर सतराव्या दिवशी तो परतला, आणि वहिनी वर्षभर अकोल्यातच राहिली. नोकरी लागल्याशिवाय तिला आणणं शक्य नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वाळवंटातल्या एका छोट्या कॉलेजाने त्याला इंटरव्ह्यूला बोलावलं, दुपारी दोनला. आम्ही कॅलिफोर्नियात समुद्रकाठी राहायचो. पहाटेच माझ्या खटारा गाडीतून निघालो. मागच्या खिडकीला त्याचा इस्त्रीचा कोट, त्याच्या मांडीवर पोळीभाजीचा डबा. तासभर उजव्या हाताला समुद्र होता. मग पूर्वेला वळलो, डोंगर ओलांडला आणि हिरवं म्हणून काही उरलं नाही. शेवटच्या पेट्रोल पंपावरच्या माणसाने सांगितलं, सरळ जा. तिथेच उभ्या असलेल्या ट्रकवाल्यानेही तेच सांगितलं. बारा वाजता एक फाटा आला. सरळ डांबरी रस्ता, उजवीकडे धुळीची गाडीवाट.

"थांब," तो म्हणाला.

"यार, मॅपमध्ये सरळच आहे. पाटी पण लावलीये."

"मॅप काढणारा इथे राहतो का?"

"अरे, दोघांनी सांगितलं ना?"

"ते दोघं एकमेकांना ओळखत होते."

आणि आम्ही थांबलो. पन्नास मिनिटं चिटपाखरू नाही. माझं डोकं गाडीच्या टपाइतकंच तापलं होतं. "वहिनी तिकडे वर्षभर वाट बघतेय आणि तू इथे कुणाची बघतोयस?" मी ओरडलो. त्याने मांडीवरचा डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणूनच रे. आज चुकून चालणार नाही." मला माझीच लाज वाटली. शेवटी एक म्हातारी पिकअप घेऊन आली. "इथे दुसरा रस्ताच नाही रे बाबा," अशा अर्थाचं काही ती म्हणाली. त्याने तिच्या शेजारी बसलेल्या कुत्र्याचीही चौकशी केली आणि मगच गाडीत बसला.

पोचायला दोन चाळीस झाले. मी बाहेर खुर्चीवर. दार उघडंच होतं. विभागप्रमुखांनी उशिराचं कारण विचारलं, तर याने खरं ते सांगितलं. वर म्हणाला, "सर, एक माणूस चुकू शकतो, आणि दोघं एकमेकांचे मित्र असू शकतात." मी डोळे मिटून घेतले. प्रमुख हसले नाहीत. कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "पाण्याचे नमुनेही असेच तपासता?"

पत्राने कळवू, एवढंच सांगून त्यांनी निरोप दिला. परतताना त्याने मला एका भाड्याने द्यायच्या घरासमोर गाडी थांबवायला लावली. घर बंद होतं, घराकडे त्याने पाहिलंही नाही. भर उन्हात कोट घालून तो अंगण पावलांनी मोजत राहिला. "तिला अंगण लागतं," म्हणाला.

पत्र आलं. तो गेला, तेच घर भाड्याने घेतलं, डिसेंबरात वहिनी आली. पहिल्याच फोनवर म्हणाली, "भाऊजी, यांनी एवढं मोठं अंगण घेतलंय की शेजारणीला हाक पोचत नाही. तुम्ही तरी या."

येतो म्हणालो. मग मला नोकरी लागली ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि जाणं राहूनच गेलं. दोघं मजेत आहेत, अंगणात लिंबाचं झाड धरलंय, हे सगळं पत्रांतून कळतं. मी ते घर पाहिलंय ते रिकामंच. त्यात नांदणारी माणसं पाहायची राहिली.