जिन्यातले उघडे डबे

माझे ट्रे भट्टीत गेले होते आणि मी रिकामा डबा हातात धरून उभी होते, तेव्हा पुतण्याचा फोन आला. "काकू, आई गेली."

दिवाळी चार दिवसांवर आलेली. द्वारका चौकाजवळच्या त्या बेकरीत दरवर्षी आम्ही दोघी जावा जायचो. घरून मैदा, रवा, तूप, पिठीसाखर न्यायची, पीठ डोळ्यांसमोर मळून घ्यायचं, आणि भट्टीतून निघालेली नानकटाई कढत कढत पत्र्याच्या डब्यात भरून स्कूटरवरून घरी आणायची. यंदा अक्का दवाखान्यात होत्या. छातीत दुखतंय म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं होतं. "मी काय कुठं पळून चालले नाय. तू आधी बेकरीचं उरक, नंतर गर्दी होते," असं त्यांनीच सकाळी मला बजावलं होतं. आणि गेल्या की हो पळून... फोन कानाला तसाच होता आणि भट्टीवाले चाचा म्हणत होते, "ताई, माल निकला, डब्बा लाओ." खोटं कशाला सांगू, पहिला विचार रडण्याचा आलाच नाही. पहिला विचार आला तो हा, की माल इथं टाकून गेले तर अक्का मला सोडणार नाहीत. मी डबा पुढे केला. चाचांनी भरला. मग त्या गरम डब्याला मिठी मारून बेकरीच्या पायरीवर बसले आणि जी रडायला लागले, ती थांबेचना. चाचांनी पाणी आणलं. कोण गेलं ते कळल्यावर तेही शेजारी टेकले. "नागलीवाली ताई?" एवढंच म्हणाले.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. अंबडच्या अलीकडे आमचं दुमजली घर आहे. खाली अक्का आणि दादा, वर आम्ही, मधे एकच जिना. दादा म्हणजे माझे मोठे दीर. अंबडच्या कारखान्यात सगळी हयात मशीनवर काढली, आणि मशीनच्या आवाजात बोलून काही उपयोग नसतो म्हणून की काय, घरीही बोलायचे नाहीत. त्यांच्या वाटचं अक्का बोलायच्या. माहेर हरसूलकडचं, शेतकरी घर. चाळीस वर्षं शहरात काढली, तरी राग आला किंवा फार आनंद झाला की तोंडात गावचं 'हाय-नाय' यायचं. मी शाळेत मराठी शिकवणारी बाई. नवी नवरी असताना त्यांचं बोलणं शुद्ध करायला गेले, तर म्हणाल्या, "तू माझी भाषा सुधार, मी तुझी आमटी सुधारते. बघू कोण आधी दमतंय." मी दमले. आमटी मात्र सुधारली.

हे लिहायला बसले त्याला कारण दादा. अक्का गेल्यावर त्यांनी जेवण सोडल्यासारखंच केलं. खालचं स्वयंपाकघर बंद झालं, ताट मी वरून पाठवायची. ताटावर बसायचे, अर्धी पोळी कुस्करायचे, उठायचे. तेराव्याला गोड तोंडाला लावावंच लागतं, म्हणून श्रीखंडाचं बोट ओठाला टेकवलं, तेवढंच. गोडाचा एवढा भोक्ता माणूस! मुलगा म्हणाला, पुण्याला चला, तर नुसती मान हलवली. सहा आठवड्यांत शर्ट खांद्यावरून उतरायला लागला. आमचे हे रोज भावासोबत जेवायला खाली जायचे आणि रोज वर येऊन माझ्याकडे न बघता पाणी प्यायचे. अक्कांच्या मागोमाग हेही... यापुढचा विचार मी करतच नव्हते. त्यात डिसेंबर उजाडला, म्हणजे आमच्या कॉलनीचा खाऊ मेळा आला.

हा मेळा बालवाडीच्या मदतीसाठी भरतो. मैदानात टेबलं मांडतात आणि बायका घरी केलेलं विकायला आणतात. बऱ्याच वर्षांपूर्वी पहिल्यांदा मेळा ठरला, तेव्हा काय काय विकायचं ते ठरवण्याचं काम महिला मंडळानं माझ्या गळ्यात घातलं. मी यादीवाली बाई. वही घेऊन घरोघर गेले, "काय आवडेल तुम्हाला?" काय एकेक शहाणी उत्तरं! बिनसाखरेचं करा, तळलेलं नको, पौष्टिक हवं. समोरच्या काकूंनी तर मुलांना चांगल्या सवयी लावण्यावर मला अर्धा तास ऐकवलं. मी अळशी-खजुराचे लाडू आणि ओट्सची बिस्किटं केली. मेळ्याच्या दिवशी त्याच काकू माझ्या टेबलासमोरून मान वळवून गेल्या, आणि पलीकडच्या टेबलावर क्रीमचे चार कपकेक घेताना मी त्यांना या डोळ्यांनी पाहिलं. अळशीचे लाडू आम्ही संक्रांतीपर्यंत खात होतो. अजूनही अळशीचं नाव काढलं की आमचे हे उठून बाहेर जातात.

अक्कांची हसून हसून पुरेवाट झाली. "अगं, माणूस तोंडानं सांगतो ते शेजाऱ्याला ऐकू जावं म्हणून. तू हाताला विचार. हात खोटं बोलत नाय."

पुढच्या वर्षी त्यांनी कारभार हातात घेतला. मेळ्याच्या आठ दिवस आधी सगळं थोडं थोडं करून बघायचं, आणि जिन्याच्या वळणावर जो कट्टा आहे, त्यावर सात डबे ओळीनं मांडायचे, झाकणं काढून. कुणाला 'घ्या' म्हणायचं नाही, 'घेऊ नका' तर मुळीच म्हणायचं नाही. येणारा-जाणारा तिथूनच जाणार: माझी लेक आणि तिच्या मैत्रिणी, दूधवाला, इस्त्रीवाला, सिलिंडरवाला, भिशीच्या बायका. कुणी वर येऊन "काकू, एक घेतलं हं," म्हणालं तर ते धरायचं नाही, कारण विचारून घेणारा मान ठेवायला घेतो. चोरलं तेवढंच खरं. तेही एकदा चोरलेलं कच्चं; परत जाताना दुसऱ्यांदा चोरलं, की तो पदार्थ पास! त्या वर्षी नानकटाई दोन दिवसांत तळाला गेली, कुकरमध्ये केलेला चॉकलेट केक एका दुपारीच संपला, मेथीच्या शंकरपाळ्यांनी मला तोंडात बोट घालायला लावलं, आणि माझी लाडकी संत्र्याची बर्फी कुणाचाही हात न लागता वाळून दगड झाली. तिची मला दया आली. मी हळूच दोन तुकडे उचलले, तर खालून आवाज, "ए! करणारीचं मत धरत नाय!"

सगळ्यात मोठे चोर दादा. खाली राहणाऱ्या माणसाला जिना चढायचं कारण काय? तर गच्चीवरची पाण्याची टाकी. एरवी दिवसातून एकदा बघायचे, डब्यांच्या आठवड्यात पाचदा. "टाकी बघून येतो," म्हणून जायचे आणि गाल फुगवून खाली यायचे. अक्का मुद्दाम विचारायच्या, "भरली का हो?" तोंडात ऐवज, बोलणार कसे! नुसती मान डोलवायचे. आम्ही दोघी स्वयंपाकघरात पदराचा बोळा तोंडात कोंबून हसायचो.

आता नागलीचं सांगते. बाकीचे नाचणी म्हणतात, आमच्याकडे नागली. अक्का तीच खाऊन वाढलेल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरच्या पिठाच्या भाकऱ्या त्यांनी हौसेनं थापल्या, तर सासूबाई चारचौघींत म्हणाल्या, "अगं बाई, हे काळं काय वाढलंय?" सगळ्या हसल्या. दादा तिथंच जेवत होते, काही बोलले नाहीत. हे अक्कांनी मला खूप वर्षांनी सांगितलं, हसत हसतच सांगितलं, पण सांगताना भाजी निवडणारे हात थांबले होते. तेव्हापासून नागली त्यांची एकटीची. नागलीचं पीठ, गूळ, तूप घरी मळायच्या, बेकरीतून स्वतःपुरती बिस्किटं भाजून आणायच्या आणि तो डबा डाळींच्या बरण्यांमागे लपवायच्या. मी म्हटलं, हीपण जिन्यात ठेवू. "नको गं," म्हणाल्या, "लोक हसतील." एवढी फटकळ बाई, पण आवाज इतका बारीक झाला होता, की मलाच कसंतरी झालं.

मग एका वर्षी त्यांनी तो डबा काढला, तर अर्धा रिकामा. माझ्या लेकीनं गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली, मी नाही. दुसऱ्या दिवशी अक्कांनी दादांचा सदरा धुवायला घेतला आणि खिशात हात घातला, तर तपकिरी भुगा. अक्का मोरीतच बसल्या, सदरा मांडीवर. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेले तर म्हणाल्या, "किती वर्षं खात असतील गं हे? एका शब्दानं बोलले नाय मला... एका शब्दानं!" डोळे भरून आले होते. आणि तशाच भरल्या डोळ्यांनी एकदम हसत सुटल्या, "लय पक्का चोर हाय!" त्या दुपारी नागलीचा डबा जिन्यात आला.

मेळ्यात मात्र त्यांनी मला पाटी लावू दिली नाही. रंग तपकिरी, लोक चॉकलेटची समजून घेत होते आणि अक्का साळसूदपणे गप्प. तेवढ्यात एक चिमुरडी धावत परत आली. "आजी, हे चॉकलेटचं नाहीये!"

अक्कांचा चेहरा उतरला. "नाय बाळा. नागलीचं हाय."

"मग नागलीची अजून दोन द्या ना."

बस. त्यानंतर अक्कांना कुणी आवरू शकलं नाही. "नागली हाय, नागली! चॉकलेट पाहिजे त्यानं पलीकडं जा!" असं ओरडून ओरडून सगळा डबा संपवला. मी दोन वेळा गप्प करायला गेले, दोन्ही वेळा कोपर खाल्लं. पुढे दरवर्षी आमच्या टेबलावरून पहिली नागलीच उठायची, आणि बेकरीत त्या नागलीवाली ताई झाल्या.

यंदा मंडळाच्या बायका म्हणाल्या, सुनंदाताई, या वर्षी राहू द्या तुमचं टेबल. मीही हो म्हणणार होते. पण मनात आलं, मेळ्याचं नंतर बघू, डबे तर मांडू. ताटावर न खाणारा माणूस चोरून तरी खाईल. एका माणसासाठी मांडले मी ते डबे. तीनच. नागलीची बिस्किटं आयुष्यात पहिल्यांदा मळली. कृती अक्कांना कधी विचारलीच नव्हती. कशाला विचारेन, त्या होत्या ना! तीन दिवस गेले. नानकटाई संपली, शंकरपाळे संपले, नागली तशीच. दादा जिन्याकडे फिरकलेच नाहीत, कारण टाकी आता आमचे हे बघायचे. मी ह्यांना सांगितलं, "उद्यापासून टाकी बघायची नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरून वाहायला लागली. पाणी धो धो अंगणात. हे म्हणाले, "डोकं फिरलंय का तुझं? पाणी वाया चाललंय!" मी म्हटलं, गप्प बसा. मला काय आनंद होत होता का पाणी वाया घालवायला? पण मी दाराआड उभी राहिले, हातात झारा तसाच.

पाच मिनिटांनी जिन्यात पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. गच्चीवर गेली. पाण्याचा आवाज थांबला. पावलं खाली आली आणि वळणावर थांबली. मी श्वास धरून उभी. बऱ्याच वेळानं पावलं खाली गेली. डबा बघायचा मला धीर झाला नाही.

दुपारी दार वाजलं. दादा. "सुनंदा, नागलीत वेलदोडा घातलास तू?"

"हो. का?"

"नसतो घालायचा. जायफळ लागतं."

"तुम्हाला हो काय माहीत?"

"वास येतो ना जिन्यात," म्हणाले. धडधडीत खोटं, आणि तेही माझ्या डोळ्यांत बघून! ते वळल्याबरोबर मी जिन्यात धावले. डबा निम्मा झाला होता. तिथंच पायरीवर बसून मी हसले की रडले, ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

संध्याकाळी आम्ही खालचं स्वयंपाकघर उघडलं. दादांनी अक्कांच्या मसाल्याच्या डब्यातून जायफळ काढलं आणि किसणीवर घासायला बसले. कारखान्यातल्यासारखे, मान खाली घालून, थांबायचं नावच नाही. "अहो दादा, पुरे! सगळी कॉलनी झोपेल दोन दिवस!" मी ओरडले, तर चक्क हसले. त्या दिवशी त्यांनी दुसरी पोळी स्वतःहून मागितली. आमच्या ह्यांनी वर येऊन मला खूण केली, बोट दाखवून, दोन! आणि शनिवारी दादा माझ्या स्कूटरवर मागे बसून, पिठाचा डबा पोटाशी धरून, द्वारकेच्या गर्दीतून बेकरीत आले. चाचांनी त्यांना स्टूल दिलं आणि हातातला डबा घेतला.

गेल्या रविवारी मेळा झाला. सकाळी टेबलं मांडली, पाट्या लिहायच्या राहिल्या होत्या. मी पुठ्ठा पुढे ओढला, तर दादांनी माझ्या हातातून मार्कर घेतला. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून अक्कांचं नाव मी ऐकलेलं नाही. हाक मारायची तर "अगं" नाहीतर "ऐकलं का". लग्नकार्यात बायका नाव घ्या म्हणून मागे लागल्या, की हा माणूस मागच्या दारानं गायब व्हायचा. त्यांनी पुठ्ठा नीट सरळ केला आणि न थांबता, ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'यमुनाची नागली बिस्किटं'. आजूबाजूच्या बायका पाटी वाचायला वाकल्या. पण मी मास्तरीण ती मास्तरीणच. म्हटलं, "दादा, 'यमुनाबाईंची' लिहा ना. लोक वाचणार, जरा बरं दिसतं."

"लोकांनी बाई म्हणावं," ते म्हणाले. "माझी ती यमुनाच." आणि पाटी टेबलावर सरळ लागली आहे का ते बघायला चार पावलं मागे गेले.